गार्डशेजारचा निवांत माणूस

माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की आपल्याला हात आहेत हे त्याला एकदम आठवतं. एरवी दिवसभर ते कुठे असतात याची त्याला शुद्ध नसते. दिवे लागले की मात्र तो ते खिशात घालतो, काढतो, पोटावर बांधतो, पाठीमागे नेतो आणि शेवटी शाळेच्या मैदानावर उभा असल्यासारखा ताठ होतो. मग चेहराही हातांच्या मागोमाग जातो, ओठ आवळले जातात, मान लाकडाची होते. अशा माणसाला पंधरा-वीस मिनिटांत मोकळं करायचं हा माझा धंदा होता, आणि त्यात नाशकात माझा हात धरणारा कुणी नव्हता. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या. मला आता तिची लाज वाटते, पण खोटी नाही ती.

सातपूरला बस स्टॉपसमोर पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता. सुरुवातीची वर्षं पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो यांत गेली. खुंटीवर एक काळा कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय कायम टांगलेला असायचा. ज्याला कोट मोठा होईल त्याच्या पाठीमागे मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचो. पुढून बघावं तर गृहस्थ मॅनेजर, मागून बघावं तर दोरीवरचं धुणं. त्या एका कोटात सातपूर-अंबडच्या निम्म्या सुपरवायझरांची लग्नं जमली.

नव्वदनंतर कारखान्यांना एकाएकी चेहरे हवेसे झाले. बाहेरच्या देशांतली गिऱ्हाइकं यायला लागली, त्यांना दाखवायला गुळगुळीत कागदावरच्या माहितीपुस्तिका निघायला लागल्या, आणि साहेबलोकांना टेबलामागे बसून हनुवटीखाली मूठ धरायची हौस आली. मुंबईचा फोटोग्राफर महाग पडायचा, म्हणून मी. मी कधी कुणाला 'हसा' म्हणालो नाही. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. पहिले पाच-सहा फ्लॅश मी कॅमेऱ्यात रोल नसतानाच मारायचो, म्हणजे समोरच्याचं ताठणं फुकटात संपून जायचं. मग इकडच्या तिकडच्या गप्पा. त्याला वाटायचं, हा माणूस फोटो काढायला आलेला नाही, आपल्याला भेटायला आलाय. तसं वाटलं की खांदे अर्धा इंच खाली येतात. ते खाली आले की बटण दाबायचं. एवढीच विद्या.

या विद्येवर सगळ्यात खूश होता तो एका कारखान्याचा पर्सोनेल ऑफिसर, म्हणजे कामगारांच्या भरतीपासून शिक्षेपर्यंत सगळं ज्याच्या हातात असतं तो अधिकारी. त्या कारखान्यात मोटारींचे पत्र्याचे भाग बनायचे. तो मला 'कलाकार' म्हणायचा. त्याच्या डायरेक्टरांचे फोटो मी काढले, आणि त्याने वसाहतीतल्या आणखी सात-आठ कारखान्यांना माझं नाव सांगितलं. माझी मोपेड जाऊन मोटारसायकल आली ती त्याच्या जिवावर, हेही सांगून टाकतो.

एकदा त्याने बोलावून सांगितलं की या खेपेला पुस्तिकेत नुसते साहेब नकोत, कामगारही हवेत. परदेशी गिऱ्हाइकाला कामगार सुखात आणि सुरक्षित आहे हे बघायचं होतं. पॉवर प्रेसवरचा एक ऑपरेटर त्याने निवडून ठेवला होता. देवळ्याकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, रुंद कपाळाचा, दात चांगले. त्याला नवा कोरा गणवेश दिला होता आणि त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

प्रेस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून प्रचंड जोराने एक लोखंडी ठोकळा खाली येतो. खाली साचा असतो. साच्यात हाताने पत्रा ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, ठोकळा येऊन जातो आणि भाग तयार. ठोकळा खाली यायच्या आत हात बाहेर असला पाहिजे, बस. म्हणून पुढे एक जाळीचं दार बसवतात, त्याला गार्ड म्हणतात. ते बंद झाल्याशिवाय ठोकळा हलत नाही. पण दर पत्र्याला दार उघडायचं आणि लावायचं म्हणजे वेळ जातो आणि पाळीचा आकडा गाठता येत नाही. त्यामुळे त्या शॉपमधले, म्हणजे प्रेसच्या विभागातले, गार्ड स्टोअरमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवलेले होते. तपासणीला किंवा पाहुणे आले की बाहेर काढायचे. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मलाही झालं.

मी दिवे लावत होतो तेव्हा फिटर पिवळ्याधमक रंगाचा गार्ड घेऊन आला. त्यावरचं गोणपाट त्याने तिथेच सोडलं आणि तो पान्याने बोल्ट आवळायला लागला. शॉपमधल्या अंधुक उजेडात अंदाज चुकू नये म्हणून मी त्या वेळात तीन-चार फ्रेम खऱ्याच घालवल्या. त्यात फिटर पाना लावून वाकलेला होता, गोणपाट जमिनीवर पडलेलं होतं, आणि ऑपरेटर बाजूला उभा राहून त्या पिवळ्या जाळीकडे, घरात न कळवता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता.

मग तो प्रेसजवळ उभा राहिला आणि अगदी खांब झाला. मला विचारलं, "साहेब, ह्याच्याजवळ हात कुठं ठिवायचा असतो? आम्ही कधी लावतच नाय हे."

मी म्हटलं, तुमच्या मळ्याच्या फाटकावर ठेवता तसा ठेवा. त्याला हसू आलं. मग मी दिवे नीट करायच्या निमित्ताने त्याच्याशी बोलत राहिलो. कांदा कसा झालाय, गावाला शेवटचं कधी गेला होता, इथे कुठे राहता, घरी कोण कोण. वीसेक मिनिटं गेली. त्याचे खांदे उतरले, एक हात त्या दारावर विसावला, दुसरा कमरेवर गेला, आणि तो माझ्याकडे बघून असा हसला, जणू जन्मभर त्या गार्डशेजारीच उभा आहे. मी बटण दाबलं. आजवर मी काढलेल्या फोटोंमधला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. खरंच आहे.

मी वायरी गुंडाळत होतो तोवर फिटर परत आला, गार्ड सोडवला, गोणपाटात घातला आणि खांद्यावर टाकून स्टोअरकडे गेला. ऑपरेटरने नवा शर्ट काढून घडी केला, जुना चढवला आणि स्टुलावर बसला. फोटोपायी त्याचा तास गेला होता, आणि पाळीचा आकडा मात्र तेवढाच होता. मी दाराशी पोचेपर्यंत त्याचा हात साच्यात आत-बाहेर सुरू झाला होता. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. मला त्याचा आणखी एक फोटो काढावासा वाटला नाही, कारण तो पुस्तिकेत लागणार नव्हता.

पुस्तिका देखणी झाली. त्याचं पान सगळ्यांना आवडलं. त्या फोटोची मोठी चौकट करून कंपनीने स्वागतकक्षात लावली आणि मी एक प्रत माझ्या जिन्याखालच्या काचेत लावली. नव्या गिऱ्हाइकांना मी ती दाखवायचो. बघा, म्हणायचो, साधा कामगार आहे, पण कसा उभा आहे.

दोन-अडीच वर्षांनी पर्सोनेल ऑफिसर स्वतः माझ्या स्टुडिओचा जिना चढून आला. असा तो कधी आला नव्हता. त्याने खुर्ची ओढली आणि सांगितलं की त्या ऑपरेटरची उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. आता त्याचं म्हणणं होतं की मशीनला गार्ड नव्हता. कंपनीचं म्हणणं, गार्ड होता आणि जास्त नग काढायच्या हव्यासापोटी त्यानेच तो काढून ठेवला. चौकशी बसणार होती. निष्काळजीपणा सिद्ध झाला की नोकरी गेली.

ऑफिसरला माझ्याकडून फक्त एक पत्र हवं होतं. सदर छायाचित्र मी स्वतः, अमुक तारखेला, कारखान्यात, सदर कामगार आपल्या मशीनवर असताना घेतले आहे, त्यात कोणताही फेरफार केलेला नाही. मी लेटरहेडवर टाइप करून दिलं आणि सही केली. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. जाता जाता तो म्हणाला, त्या दिवसाचं इतर काही शिल्लक असेल तर ठेवू नका, उगाच कचरा. मी 'बरं' म्हणालो.

मी ते फेकलं नाही. माझा विवेक जागा झाला असं कुणी समजू नये. निगेटिव्ह फेकायची मला सवयच नव्हती, इतकंच. कपाटात वर्षावार खोके होते, त्यातल्या एका पाकिटात त्या दिवसाच्या निगेटिव्हची पट्टी पडून होती. फिटर, पाना, गोणपाट, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी दिव्यासमोर धरून पाहिली आणि परत ठेवली.

आठवड्याभरात तो ऑपरेटर स्वतः आला, बायकोला घेऊन. हाताला पांढरं बँडेज होतं, आणि तो हात त्याने छातीशी धरला होता. मी बसा म्हटलं तरी दोघं उभीच राहिली. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला शॉपमधला कुणी तयार नव्हता, फिटरसुद्धा नाही. सगळ्यांना पोटं होती. तेव्हा त्याला माझी आठवण आली. त्याने अगदी सरळ विचारलं.

"साहेब, त्या दिवशी गार्ड लावताना तुम्ही फोटू काढले व्हते. लाइट उडला व्हता, मी बघितलं. त्यातला एक द्या. माझी नोकरी वाचंल."

मी त्याला सांगितलं की सगळ्या निगेटिव्ह कंपनीकडे जमा होतात, नियमच आहे तसा. सांगताना माझी पाठ त्या कपाटाला टेकलेली होती. मी पुढे असंही म्हणालो की असता तर दिला नसता का. आवाज माझा नेहमीचाच होता, मऊ, ओळखीचा. दुसऱ्याला मोकळं करता करता माणूस स्वतः किती मोकळेपणाने खोटं बोलायला शिकतो, ते मला त्या दिवशी कळलं आणि त्याचं मला फार काही वाटलं नाही. भीती वाटत होती ती वसाहतीतली कामं जायची.

त्याने मान हलवली. बायको माझ्याकडे बघत राहिली. जिना उतरताना त्यांचं आपसात त्यांच्या अहिराणीत काहीतरी बोलणं चाललं होतं. मी दार लावून घेतलं.

चौकशी कंपनीच्या कॅन्टीनवरच्या खोलीत झाली. बाहेरचे एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बसले होते. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. समोर टेबलावर माझा फोटो ठेवलेला, आणि पलीकडे फोटोतला माणूस बसलेला. वकिलांनी फोटो उचलून दोन-तीनदा लांब-जवळ धरून पाहिला. ते मनाने वाईट नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. तारीख, जागा, फेरफार, हे सगळं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही यातले जाणकार आहात. मला सांगा, हा गार्ड जर त्याच दिवशी आणून लावला असता, तर हा माणूस त्याला हात लावून इतका निवांत उभा राहिला असता का?"

याचं खरं उत्तर जगात मला एकट्यालाच माहीत होतं. राहिला असता. वीस मिनिटं खपून मी त्याला तसा उभा केला, तेच तर माझं काम. साहेब, माझ्यासमोर कुणीही कशाहीशेजारी निवांत उभा राहतो, तुम्हीसुद्धा राहाल. एवढं बोललो असतो तर कपाटातली पट्टी काढायचीसुद्धा गरज पडली नसती.

मी म्हणालो, "सवय असली की माणूस निवांत उभा राहतो."

टाइपिस्टने ते घेतलं. वकिलांनी मान डोलावली. मग त्यांनी त्याला विचारलं, साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचं आहे का. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की साहेबांना काय विचारायचं, त्यांनी त्यांचं काम केलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

महिनाभराने निकाल लागला. निष्काळजीपणा सिद्ध, सेवेतून कमी. निकालपत्रात माझं वाक्य जसंच्या तसं आलं आहे, असं ऑफिसरने मला कौतुकाने सांगितलं आणि कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या डायरीतल्या फोटोंचं काम दिलं. मी ते केलं. त्याच्या पुढच्या वर्षीचंही केलं. काचेतला तो फोटो मात्र काढून टाकला. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ऊन लागून फिका पडला म्हणायचो.

माझी ती विद्या त्यानंतर हळूहळू गेली. कुणी विचारेल, पापाची शिक्षा का. तसलं काही नाही. डिजिटल कॅमेरे आले, कारखान्यांतली पोरंच फोटो काढायला लागली, आणि साहेबलोक स्वतःचे फोटो मागच्या छोट्या पडद्यावर बघून नको ते पुसून टाकायला लागले. ताठ माणूस दहा वेळा काढला की त्यातला एक तरी बरा निघतोच. माझी गरज उरली नाही. शेवटी स्टुडिओ मोबाइलच्या दुकानाला भाड्याने दिला आणि कपाटं रिकामी करायला बसलो. तेव्हा ती पट्टी हाताला लागली.

दोन दिवस ती मी खिशात घेऊन फिरलो. मग प्रिंट काढून घेतला आणि त्याच्या गावाचा पत्ता शोधला. तो देवळ्याजवळच्या गावी परत गेला होता, भावाच्या शेतावर. मोटारसायकलवर वणीमार्गे निघालो. वणीला चहा घेतला तेव्हा इथूनच परत फिरावं असं फार वाटलं. काय उपयोग होता आता? कारखान्याला मालक दुसरा आलेला, ऑफिसर निवृत्त, चौकशी कुणाच्या लक्षातही नाही. उपयोग होता तो माझा. मला हलकं व्हायचं होतं, आणि ते ओझं मी उचलून त्याच्याच दारात नेऊन टाकणार होतो. हे कळत होतं तरी गेलो.

घरासमोर कांद्याचा ढीग होता आणि दोघं नवरा-बायको निवडत बसली होती. तो डाव्या हाताने निवडत होता, उजव्याच्या अंगठ्याने नुसतं पुढे ढकलत होता. त्याने मला ओळखलं, उठला, बाज टाकली. मी नातेवाइकासारखी खुशाली विचारायला लागलो आणि माझाच आवाज ऐकून गप्प झालो. पाकिटातून प्रिंट काढून त्याच्या हातात दिला.

त्याने तो उजेडाकडे तिरका धरून पाहिला. मग विचारलं, "हे तुमच्याकडंच व्हतं?"

"हो."

"तव्हापासून?"

"हो."

त्याने फोटो बायकोच्या पुढ्यात ठेवला, उठून परत ढिगाशी जाऊन बसला आणि माझ्याकडे पाठ करून निवडायला लागला. मी माफी मागितली. काय काय शब्द वापरले ते आठवत नाहीत, पुष्कळ वापरले. त्याची पाठ हलली नाही.

बायकोने पदराला हात पुसले आणि फोटो उचलून पाहिला. ती रागावलेली दिसत नव्हती. दमलेली दिसत होती.

"तुमच्या दुकानातून उतरताना मी ह्यांना म्हणले, ह्या माणसाकडं फोटू हाय, तो देत नाय. कपाटापासून हलला नाय तो. आपण पुन्यांदा जाऊ, पाय धरू, बसून राहू," ती म्हणाली. "तर हे मलाच बोलले. म्हणले, फोटू काढताना त्या माणसानं माझ्या पोरींची नावं विचारली व्हती. एवढ्या वर्षांत कंपनीत कुणी इचारली नाय. तो खोटं नाय बोलायचा."

तिने फोटो पाकिटात घातला आणि पाकीट माझ्यापुढे बाजेवर ठेवलं.

"काय नावं सांगितली व्हती ह्यांनी?" तिने विचारलं.

ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती. ढिगाशी त्याचा हातही थांबला होता. मला एकही नाव आठवत नव्हतं. मी सगळ्यांनाच विचारायचो.